एक दिवसाचा खंड

दरवर्षी 30 जूनला मी बेरोजगार असते. 29 जूनला माझा नेमणुकीचा आदेश संपतो, 1 जुलैपासून नवा लागू होतो आणि मधल्या दिवसाला कार्यालयात 'तांत्रिक खंड' म्हणतात. त्या दिवशीही मी प्रयोगशाळेत जाते, कारण ताप घेऊन आलेल्या माणसाला 'आज माझा खंड आहे' असं सांगता येत नाही. फक्त मस्टरवर सही करत नाही आणि त्या दिवसाचं मानधन मिळत नाही. एका सरकारी आरोग्य योजनेत मी 2016 पासून कंत्राटी लॅब टेक्निशियन आहे. 2025 च्या फेब्रुवारीत आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या फाइलीत 11 महिने 29 दिवसांचे नऊ आदेश होते. म्हणजे जवळपास नऊ वर्षांच्या नोकरीत आठ दिवसांचे खंड. त्या आठ दिवसांनी मला पुढचे सहा महिने फिरवलं.

तेव्हा आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीला राहायचो, सासूबाईंच्या घरकुलात. विडी कामगारांसाठी झालेल्या त्या दहा हजार घरांच्या वसाहतीत सासूबाईंचं एक घर. आत्यांनी (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात) पस्तीस वर्षं विड्या वळल्या. त्यांचं घर झालं तेव्हा आनंदानं रडले असतील सगळे, पण आता त्यात दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही तिघं आणि आत्या. मुलगी आठवीत गेली, अभ्यासाला जागा म्हणून ओट्यावर वही ठेवून लिहायची. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. आठवड्याचा पगार, रोख.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरचा एक वन बीएचके बघितला. लिफ्ट नाही, इमारत वीस वर्षांची, पण उजेड भरपूर. मालक निवृत्त शिक्षक, पुण्याला मुलाकडे चाललेले. भाव ठरला 18,50,000. मी घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. सोलापूरकर दुसरं काय विचारणार? "चार-पाच दिवसांआड, वेळ ठरलेली नाही," गुरुजी म्हणाले. म्हणजे इतरांसारखंच. पसंत.

पहिल्या बँकेत मी एकटीच गेले. साहेबांनी आदेश हातात घेतला. वर योजनेचं नाव, मग माझं नाव, पद, मानधन दरमहा 26,500, आणि खाली ते कलम, जे मी नऊ वर्षं न वाचता सही करत आले होते: 'सदर नियुक्ती निव्वळ कंत्राटी स्वरूपाची असून उमेदवारास कायम सेवेचा कोणताही हक्क राहणार नाही.' त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं नाही. ते ठेवलं 29 जून 2025 वर. "मॅडम, ही नोकरी चार महिन्यांनी संपतेय. कर्ज पंधरा-वीस वर्षांचं असतं." मी म्हटलं, दरवर्षी मुदतवाढ मिळते. ते म्हणाले, "मिळते ना? मग तसं तुमच्या कार्यालयाकडून लिहून आणा." तीन मिनिटांत मी बाहेर.

कार्यालयात गेले. आस्थापनेच्या बाबूंनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, मुदतवाढ मिळेल असं मी लिहिलं तर उद्या तुम्ही तो कागद घेऊन कोर्टात जाल, आम्हाला कायम करा म्हणून." त्यांचंही खरं होतं. लिहून मिळालं ते एवढंच: 'सदर कर्मचारी दि. 1/7/2016 पासून आजतागायत कंत्राटी तत्त्वावर कार्यरत आहेत.' पुढचं काही नाही, फक्त मागचं. तेव्हा मी वैतागले, पण शेवटी उपयोगी पडला तो हाच कागद, म्हणून आवर्जून सांगते: भविष्याचं कोणी लिहून देत नाही, भूतकाळाचं मागा. तो मिळतो.

मार्चमध्ये गुरुजींना विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, द्यायची वेळ आली. एक लाख. मध्यस्थ एजंटानं छापील विसारपावती आणली होती, त्यात 'मुदतीत व्यवहार पूर्ण न केल्यास विसार जप्त' असं होतं. मी म्हटलं, बँकेनं कर्ज नाकारलं तर विसार परत, अशी ओळ घाला. एजंट हसला, "अशी ओळ कोण घालतंय मॅडम, विश्वासावर चालतं." मी म्हटलं, माझ्यावर बँकेचा विश्वास नाही, मग मी कुणावर ठेवू? गुरुजींनीच पेन काढलं आणि स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'खरेदीदारास गृहकर्ज मंजूर न झाल्यास विसाराची रक्कम बिनव्याजी परत करण्यात येईल.' मुदत 31 जुलै. कंत्राटी माणसानं ह्या ओळीशिवाय विसार देऊ नये. एक लाख म्हणजे माझं जवळजवळ चार महिन्यांचं मानधन.

मधल्या काळात एका खासगी गृहवित्त कंपनीचा पोऱ्या घरी येऊन गेला. कागद बघितले न बघितले, म्हणाला, "होऊन जाईल." व्याज 12 टक्के, वर कर्जातच धरलेला एकरकमी विमा. पंधरा वर्षांच्या कर्जावर 8.50 आणि 12 टक्क्यांत लाखामागं महिन्याला दोनशेच्या वर फरक पडतो. तेरा लाखांना महिना 2,800 झाले की नाही? आमचा गॅस, लाईट आणि मुलीची रिक्षा त्यात बसते. आणि कर्जासोबत विमा घेणं नियमानं सक्तीचं नाही, हे त्याला ठाऊक असूनही तो 'कंपल्सरी आहे' म्हणत होता. नवरा म्हणाला, "जो लवकर हो म्हणतो, तो महाग पडतो. सूत घेताना बी असंच असतं."

मग सुचलं की माझं मानधन नऊ वर्षं ज्या शाखेत जमा होतंय तिथंच का जाऊ नये. एप्रिलमध्ये गेले. इथल्या मॅनेजर मॅडमनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि आधी खातं उघडून बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या खात्यात दोन महिने काहीच नाही, मग एकदम तीन महिन्यांचं आलंय. हे काय?" मी सांगितलं, वरून निधी आला नाही की आमचं मानधन थकतं, मग एकदम येतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे कर्ज मंजूर करणाऱ्या वरच्या कक्षाला तुम्ही सांगणार नाही, कागद सांगेल. वर्षवार काढा. कुठल्या महिन्याचं कधी जमा झालं."

त्या रात्री कुंभारीच्या घरात, सगळे झोपल्यावर, मी दीड फूट कागदावर तक्ता आखला. एका बाजूला आदेश क्रमांक, पासून, पर्यंत, खंडाचे दिवस. दुसऱ्या बाजूला महिना, रक्कम, जमा झाल्याची तारीख. खंडाच्या रकान्यात आठ वेळा '1' लिहिलं. आत्या विड्यांच्या काळापासून रात्री जागायला सरावलेल्या. उठून बसल्या.

"काय लिवायलीस?"

मी समजावलं. नोकरीचा कागद दरवर्षी संपतो, बँकेला भीती वाटते.

"अवुना?" म्हणाल्या. हे त्यांचं तेलुगू, 'हो का?' म्हणायचं. मग थोड्या वेळानं, "तुजं पीएफ किती?"

पीएफ नाही मला. आत्यांना होता. विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, त्यामुळं सुपात तंबाखू घेऊन उंबऱ्यात बसलेल्या बाईच्या नावावर पीएफचा नंबर होता. अठ्ठावन्न झाल्यावर त्यांना रक्कम मिळाली आणि आता महिन्याला हजार रुपये पेन्शन येते. मी बीएस्सी, वर डीएमएलटी ही प्रयोगशाळेची पदविका. माझं मानधन.

"माज्या हजाराला तारीख न्हाई," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

फाइल वरच्या कक्षात गेली आणि क्वेऱ्या, म्हणजे शंका, यायला लागल्या. पहिली क्वेरी: अर्जावर 'नोकरदार' का लिहिलंय, आयकर विवरण तर व्यवसायाचं आहे. झालं होतं असं, की आमच्या कार्यालयातून पगारदारांना मिळायचा तो फॉर्म 16 मिळत नव्हता, मिळायचा तो 16ए, कारण कराची कपात 'व्यावसायिक शुल्का'च्या खात्यात जायची. आमच्या सीएनं त्यामुळं विवरण व्यवसायाचं भरलेलं. आणि तीन वर्षांपूर्वीच्या विवरणात तर, अंदाजे उत्पन्नाच्या तरतुदीखाली, निम्मंच उत्पन्न दाखवलेलं. मला तेव्हा 'कशाला जास्त दाखवायचं' असं सांगितलं गेलं होतं. आता बँक म्हणणार, बाईंची कमाई वर्षाला दीड लाख! गंमत म्हणजे पूर्ण उत्पन्न दाखवूनही कर शून्यच येत होता. तर कमी दाखवून मिळवलं काय? नशिबानं पुढची दोन विवरणं नीट होती आणि बँकेनं त्यांचीच सरासरी धरली. घर घ्यायचा विचार असेल तर दोन-तीन वर्षं आधीपासून विवरणात खरा आकडा जाऊ द्या. सीएला फोन करून ठणकावून सांगा.

दुसरी क्वेरी सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालाची. माझा गुण 741 होता, वाईट नाही. पण अहवालात एक कर्ज दिसत होतं जे मी घेतलेलंच नव्हतं. आठवेना. मग आठवलं, दवाखान्यातल्या एका सिस्टरना पाच वर्षांपूर्वी मी जामीन राहिले होते. त्यांनी कर्ज फेडलेलं, पण नोंद तशीच. त्या सहकारी बँकेतून बाकी नसल्याचा दाखला आणायला सहा दिवस गेले. आपल्याकडे जामीन म्हणजे चहा पिता पिता केलेली सही. ती सही कुठं कुठं जाऊन बसते!

आणि मग स्कूटर. ह्या भागाचं मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. बँकेनं हिशेब असा केला: 26,500 च्या निम्मे, म्हणजे 13,250, एवढाच सगळ्या हप्त्यांचा मिळून भार चालेल. नवऱ्याची रोख कमाई शून्य धरली. तो सहकर्जदार म्हणून सही करील, पण त्याचा पैसा मोजणार नाही. माझ्या स्कूटरचा हप्ता 2,150. तो वजा केल्यावर कर्ज बसत होतं सव्वाअकरा लाखांच्या आसपास. आम्हाला तेरा हवं होतं. मॅनेजर मॅडमनी विचारलं, "स्कूटरचं किती राहिलंय?" एकोणीस हजार. "भरून टाका." भरले. बोजा उतरल्याचं पत्र आणलं, आणि तेरा लाख बसलं. एकोणीस हजारांनी पावणेदोन लाखांची वाट मोकळी झाली. पहिल्या बँकेतल्या साहेबांनी हे सांगितलं असतं तर? जाऊ दे.

मुदत मात्र वीस वर्षं मिळाली नाही. कंत्राटी म्हणून पंधराच. आणि एक कायम नोकरीवाला जामीनदार हवा.

कायम नोकरीवाला माणूस शोधणं म्हणजे काय ते विचारा. चुलतभाऊ जिल्हा परिषदेत शिक्षक. फोनवर 'बघू, बघू' म्हणाला आणि तिसऱ्या फोनला वहिनीनं उचलून सांगितलं की ह्यांच्यावर आधीच दोन जामीन आहेत. असतीलही. शेवटी नणंदेचे मिस्टर तयार झाले, रेल्वेत आहेत. सोलापूर स्टेशनाबाहेर चहाच्या गाड्यावर त्यांनी पगारपत्रकाच्या झेरॉक्स काढून दिल्या आणि म्हणाले, "वहिनी, आमच्या आईला कळू देऊ नका." मीही कधी बोलले नाही. आता इथं लिहिलंय, पण त्या वाचत नाहीत.

मे संपता संपता सगळं जुळलं. वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल आला, मूल्यांकन झालं, सोसायटीचं ना हरकत पत्र आलं. तेवढ्यात रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीपासून तिसऱ्यांदा रेपो दर उतरवला, जूनमध्ये तो 5.50 वर आला, तसा आमचा दरही खाली सरकला. मी मनात पेढे वाटले. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा फोन: "फाइल थांबवलीय. आदेश 29 जूनला संपतोय. नवा आदेश आणा, मग मंजुरी."

30 जून सोमवार होता. नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेत गेले, एप्रन घातला, रक्ताचे नमुने घेतले. हिमोग्लोबिन, शुगर, मलेरिया. एका काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसरी काच तिरकी धरून ओढायची असते, सलग, हात न थांबवता. मध्ये थांबलं की पट्टीवर जाड रेघ येते आणि पेशी एकावर एक चढतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. नऊ वर्षांत माझा हात कधी थांबला नव्हता. त्या दिवशी दोन पट्ट्या खराब झाल्या.

1 जुलै उजाडला, आदेश नाही. दरवर्षी असंच होतं, आधी काम सुरू, कागद मागून. इतर वर्षी कुणाला पडलेली नसते. ह्या वर्षी मी बाबूंच्या टेबलापाशी रोज चक्कर मारत होते. सही व्हायची आहे. साहेब दौऱ्यावर. साहेब बैठकीला. 18 जुलैला दुपारी आदेश हातात आला, तारीख मागची, 1 जुलैची. रिक्षानं थेट बँकेत. मंजुरी 25 तारखेला आली: 13,00,000, व्याज 8.50 टक्के बदलता दर, 180 हप्ते, हप्ता 12,802. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडलं तर दंड नसतो, ते मी मंजुरीपत्रात पुन्हा शोधून वाचलं.

कागद तयार व्हायला ऑगस्ट लागणार होता, विसाराची मुदत संपत होती. गुरुजींनी पावतीच्या मागं आणखी पंधरा दिवस लिहून दिले. एजंट म्हणाला, भाव वाढलेत आता. गुरुजी म्हणाले, "शब्द मार्चचा आहे."

उरलेल्या पैशांचं सांगायचं तर साडेपाच लाख घराचे. घर एकट्या माझ्या नावावर घेतलं, कारण फक्त बाईच्या नावावर खरेदी असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सहाऐवजी पाच टक्के, म्हणजे 92,500. नोंदणी फी 18,500. एक टक्का म्हणजे आमच्यासाठी पिण्याच्या पाण्याची टाकी आणि खिडक्यांचे पडदे. नवऱ्याला विचारलं, तुझं नाव नाही, चालेल ना? म्हणाला, "तसं बी माझी कमाई बँकेला दिसत नाही. मी तरी कशाला दिसू?" हसत म्हणाला, पण मला ते लागलं. पैसे असे उभे केले: माझी ठेव 2,90,000, दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या, नवऱ्यानं कारखान्यातून उचल घेतली आणि आत्यांनी पीएफचे 1,40,000 दिले. पाटल्या गहाण ठेवणार होते, पण सोनेतारण काढलं असतं तर त्याचाही बोजा हिशेबात धरला गेला असता, म्हणून मोडल्या.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखताच्या दिवशी आत्याही आल्या. माझा फोटो, अंगठे, सह्या. गुरुजींना बँकेचा धनाकर्ष (डीडी) दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी न घालता वहीत ठेवला. घराच्या चाव्यांबरोबर त्यांनी एक कागद दिला, त्यावर गेल्या वर्षभरात पाणी कुठल्या दिवशी किती वाजता आलं त्याची नोंद होती. शिक्षकाचा हिशेब.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यातल्या व्याज सवलतीसाठीही अर्ज केलाय. 35 लाखांपर्यंतचं घर, 25 लाखांपर्यंतचं कर्ज आणि नऊ लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न असलं तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत, एकूण 1,80,000 पर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. आत्यांचं घरकुल आड येईल असं वाटलं होतं, पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, एवढंच धरतात. अजून उत्तर आलेलं नाही.

एक व्यवस्था मात्र मी पहिल्या दिवसापासून केलीय. हप्ता जातो दर महिन्याच्या 10 तारखेला, मानधन येतं तेव्हा येतं. म्हणून तीन हप्त्यांचे पैसे, 38,406, खात्यात कायम ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही. दिवाळीलाही लावला नाही. ऑक्टोबरचं मानधन डिसेंबरात आलं, पण हप्ता एकदाही चुकला नाही.

परवा आत्या राहायला आल्या होत्या. रात्री दोनला खालून ओरड झाली, पाणी आलं. मी पाईप जोडला, आत्यांनी पिंपाजवळ पाट मांडला आणि घागरी पुढं सरकवायला लागल्या.

"तुजा कागद कदी संपतो ग आता?"

"29 जूनला."

"आन् बँकेचा?"

"2040 ला."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग भरलेली घागर बाजूला केली आणि रिकामी खाली लावली.